पोराला घट न्हाई

जमलेल्या मंडळींनो, आया-बहिणींनो, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या अमोल,

बोलायला उभा राहिलोय, पण माईक तोंडाजवळ न्यायला मन धजंना झालंय. तुम्ही म्हणाल, यात्रेच्या कुस्त्यांना दिवसभर माईक न सोडणारा हा शंकर कंडक्टर, ह्याला आज काय झालं? माईक तोच आहे. हातही तोच आहे. पण आज लाज वाटतीय. दुःख आहेच. ज्ञानदेवतात्या गेल्याचं दुःख कुणाला नाही? पण माझ्या दुःखाच्या वर लाज बसलीय. ती बाजूला झाल्याशिवाय मला धड रडताही येणार नाही.

आत्ता सगळे बोलले. तात्या दिलदार. तात्यांनी कोइमतूरला गलाईचं दुकान चालवलं, सोनाराचं सोनं आटवून शुद्ध करून देण्यात हयात घालवली, म्हातारपणी गावाला आले आणि गावाला जीव लावला. सगळं खरं. पण मंडळी, गावानं तात्यांशी काय केलं? ते कुणी बोललं नाही. ते मी बोलणार आहे.

अमोल तात्यांचा एकुलता एक. कोइमतूरला गोल्फ शिकला आणि त्यातच पडला, पोटापाण्याला. तात्यांना पोरगा भट्टीवर हवा होता. बापलेकांचं त्यावरनं किती वाजलं, ते आपल्याला माहीत आहे. मागच्या वर्षी अमोल गोल्फच्या खालच्या टूरवर खेळायला लागला. खालची टूर म्हणजे काय, तर मोठ्या टूरवर जायचं असेल तर आधी इथं वर्षभर या शहरातनं त्या शहरात हिंडायचं, खेळायचं, घासून निघायचं. टीव्हीवर दिसत नाही, पेपरात येत नाही. पण पोरगं एवढं हिंडतंय म्हटल्यावर तात्यांचा राग गेला. मोबाईलवर निकालाची यादी बघायला शिकले. यादीत प्रत्येक नावापुढं एक आकडा. कुणाचा प्लस, कुणाचा मायनस.

पहिल्याच स्पर्धेला तात्या जिलबीचा पुडा घेऊन भरतच्या हॉटेलात आले. "शंकरराव, तोंड उघडा. पोरगं प्लस नऊ!"

मी म्हटलं, "तात्या, नाव तर पार तळाला दिसतंय."

"आवं, मूस तापली की मळ वर येतो. सोनं तळालाच बसतंय. आन् ह्ये वरचे समदे बघा, मायनस. मायनस म्हंजे घट. आटवताना वजनात घट आली की सोनाराला तोंड दाखवाय जागा ऱ्हात न्हाई. माझ्या पोराला घट न्हाई!"

उभ्या आयुष्यात जे शिकले, ते त्यांनी त्या यादीला लावलं. आम्हालाही पटलं. आम्ही जिलबी खाल्ली.

मग माझे जावई पुण्याहून आले. त्यांना कौतुकानं सांगायला गेलो, तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "मामा, गोल्फमध्ये कमी फटक्यांत खेळतो तो जिंकतो. मायनस म्हणजे चांगलं. प्लस नऊ म्हणजे अमोल चार दिवसांच्या स्पर्धेतून दोन दिवसांतच बाहेर पडला."

दुसऱ्या दिवशी मी हे हॉटेलात सांगितलं. भरत होता, किराणा दुकानातले आपले महावीरअण्णा होते. अण्णा, मान खाली घालू नका. तुम्ही एकट्यानं घालून भागणार नाही. आम्ही ठरवलं, तात्यांना सांगायचं नाही. का? म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, असं एकमेकांना म्हणालो. खरं सांगू? मजा येत होती. वर्षभर मजा आली. "तात्या, आज किती प्लस?" "प्लस अकरा!" "लय भारी! जिलबी वाढवा मग!" तात्या पाठमोरे झाले की आम्ही पोट धरून हसायचो. सोनं कसोटीवर घासून बघणारा माणूस. आमचं कौतुक त्यांनी कधी घासून बघितलं नाही. गावचीच माणसं आहेत म्हणून.

यात्रेत तर कहर केला. भर मैदानात तात्यांना फेटा बांधला. ह्याच माईकवर मी ओरडलो, "ज्ञानदेवतात्यांचे चिरंजीव, प्लस बारा!" हलगी कडाडली. निम्मं मैदान हसत होतं. इथं बसलेल्यांतलं कोण कोण हसत होतं, ते मला वरनं दिसत होतं. आणि तात्या एका हातानं फेटा सावरत सगळ्यांना नमस्कार करत होते.

मग आली शेवटची स्पर्धा. तात्या हॉटेलात आले, हातात जिलबी नाही. मोबाईल माझ्यापुढं धरला. अमोलचं नाव सगळ्यात वर. मायनस चौदा.

"शंकरराव, पोरगं पार वर तरंगाय लागलं. समद्यांपरास जास्त घट."

मंडळी, अमोल जिंकला होता. वर्षभर पडला, आपटला, आणि शेवटी पहिला आला होता. मोठ्या टूरचं दार उघडलं होतं. आणि बाप माझ्यासमोर डोळे पुसत होता. भरतनं तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. मला हसू आलं नाही, एवढंच. पण तोंडही उघडलं नाही. एक सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं, त्या फेट्यासकट. मी घाबरलो.

त्यांनी तिथंच फोन लावला. आम्ही ऐकत होतो. "अमोल, मनाला लावून घिऊ नगंस. घट कुनाला येत न्हाई? मला बी आलीया. तू घरी ये. आपलं घर हाय, रं." पलीकडनं फोन कट झाला. तात्या म्हणाले, "लय लागलंय पोराला." समोरचा चहा तसाच ठेवून निघून गेले. मी म्हटलं, उद्या सांगू.

पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. मिरजेला नेताना वाटेतच तात्या गेले.

परवा राख सावडताना अमोल माझ्याजवळ उभा होता. मला म्हणाला, "काका, तात्यांनी शेवटपर्यंत मला माफ केलं नाही. हरलो की फोन करून शाब्बास म्हणायचे. तुझ्यामुळं गावानं फेटा बांधला म्हणायचे. मी फोन घ्यायचंच सोडलं. जिंकलो तेव्हा वाटलं, आता तरी चांगलं बोलतील, म्हणून घेतला. तर म्हणाले, घट आली, घरी ये."

मला तिथंच राखेत बसावंसं वाटलं. इतके दिवस आम्ही म्हाताऱ्याची गंमत करतोय असं समजत होतो. ती कुठवर जात होती, ह्याचा विचारच कुणी केला नाही.

अमोल, बाळा, वर बघ. तुझ्या बापानं तुला एकही टोमणा मारला नाही. त्यांची प्रत्येक शाब्बासकी खरी होती. ते तुला जिंकलेलाच समजत होते, आणि आम्ही त्यांना तसं समजू दिलं. शेवटचा फोन त्यांनी तू हरलास असं समजून केला. हरलेल्या पोराला घरी बोलावत होते ते. टोमणे आमचे होते. तुझ्या बापाच्या तोंडून आम्ही ते तुझ्यापर्यंत पोचवले. तुझ्याकडं माफी कुठल्या तोंडानं मागू? मागत नाही. फक्त एवढं खरं मान, की तात्या तुझ्यावर रुसलेले नव्हते. एक दिवस सुद्धा नव्हते.

आता दोन मिनिटं गप्प उभं राहायची पद्धत आहे. मंडळी, गप्प आपण वर्षभर राहिलो. आज मी गप्प राहणार नाही. सगळे उभे राहा. भरत, तूही. अण्णा, उठा. फोटोकडं तोंड करा. यात्रेत जसा ओरडलो होतो तसाच ओरडणार आहे. त्या दिवशी हॉटेलात जे सांगायचं होतं, ते आज सांगतो.

तात्या! तुमचे चिरंजीव अमोल, मायनस चौदा! पहिला नंबर! तुमचं पोरगं जिंकलंय, तात्या. पोराला घट न्हाई.

राम राम.