मेणाचे दोन पाय

तुम्हीच सांगा, चांगल्या धडधाकट नवऱ्याचा गुडघा कुणी बायको मोडते का? मी मोडला... नुसत्या तोंडाने! आणि कशासाठी, तर पगारवाढीसाठी!

म्हणजे तुम्हाला सांगते, अंधेरीला मेबलबाईंचा मसाल्याचा कारखाना... कारखाना कसला, त्यांच्या घराची पडवीच ती! तिथे मी आणि राधाने मसाला चाळायचा, बाटल्यांत ठासायचा, शिंकायचं... सहा वर्षं झाली, पगार तोच, शिंका तेवढ्या वाढल्या! बरं, मागायचं कसं? आरशासमोर म्हणून बघितलं, "बाई, माझा पगार वाढवा." शी! आरशातलीसुद्धा मान खाली घालून उभी! राधा म्हणाली, "अगं येडी, नुसतं वाढवा म्हटलंस तर बघू म्हणतील. दुखणं सांग काहीतरी. दुखण्याला कोण नाही म्हणतं?"

सासूबाईंचं सांगणार होते, पण त्या जाऊन चार वर्षं झाली, आणि मेबलबाई तेराव्याला येऊन जेवून गेल्यात... तर ऐनवेळी तोंडातून निघालं, "आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे हो बाई!"

आणि गुडघा तर ठणठणीत! त्याच सकाळी हे चौथ्या मजल्यावरून दूध आणायला दोनदा उतरले होते, एकदा पैसे विसरले म्हणून!

बाईंनी चाळण खाली ठेवली. "अगो माय! जयवंतचा? कुठला गुडघा?" मी म्हटलं डावा, आणि हात ठेवला उजव्यावर. बाईंच्या डोळ्यांत पाणी! आता ते मिरचीचं की मायेचं, देव जाणे... मग म्हणतात काय, "पगार तर तुझा या महिन्यापासून दोन हजारांनी वाढवलाच आहे गो, पाकीट कपाटात तयार आहे. गुडघ्याचं वेगळं बघू."

वाढवलाच आहे! ऐकलंत? म्हणजे नवऱ्याला लंगडा केला तो फुकटच! तेव्हाच सांगायला हवं होतं, बाई, खोटं आहे हो... पण तोवर बाईंनी पाकीट हातात ठेवलेलं, राधा मागून कोपराने ढोसतेय, "झकास!" म्हणतेय... मी नुसती शिंकले.

चार दिवसांनी बाई पडवीत आल्या त्या भिंत धरधरून. सत्तरीच्या बाई, स्वतःचे दोन्ही गुडघे गेलेले! कुठे गेल्या होत्या? वांद्र्याला, टेकडीवरच्या चर्चमध्ये, मोत माऊलीला! त्या सगळ्या पायऱ्या चढून, आमच्या ह्यांच्यासाठी मेणाचा पाय वाहायला, जे दुखतं ते तिथे मेणाचं वाहतात ना! एक नाही, दोन! "डावा की उजवा ते नीट कळलं नव्हतं गो. म्हटलं, माऊलीकडे चूक नको."

आणि गुडघे तर ठणठणीत!

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे स्टुलावर उभे राहून पंखा पुसत होते. "मग मी आता लंगडू का?" म्हणतात! आणि खरंच मोरीपर्यंत लंगडून दाखवलं, जाताना डाव्या पायाने, येताना उजव्या! मला आधी हसू आलं, मग रडू आलं, भाकरी करपली. "अगं, सांगून टाक ना," हे म्हणाले, "फार तर वाढवलेला पगार कमी करतील." तेच तर! त्यांनी कमी केला असता तर बरं वाटलं असतं हो मला...

तर दुसऱ्या दिवशी गेले, देवाचं नाव घेतलं, म्हटलं, आता खरं तेच बोलायचं. बाई गरम पाण्याच्या टोपात पाय सोडून बसलेल्या, घोटे ही एवढे सुजलेले! मी डोळे मिटले आणि एका दमात म्हणाले, "बाई, ह्यांचा गुडघा ठणठणीत आहे! काहीसुद्धा झालेलं नाही!"

"काय सांगतेस!" बाई पाण्यातच उभ्या राहिल्या. "ऑपरेशन नाही? माऊली पावली गो!" आणि मला अशी घट्ट मिठी मारली की पुढचं "बाई, पण मी..." त्यांच्या खांद्यातच राहिलं. तेवढ्यात त्यांनी खिडकीतून अर्ध्या गावठाणाला हाका मारल्या, "मेणाचे पाय वाहिले, जयवंत उठून चालायला लागला!" राधा माझ्याकडे बघून म्हणते, "आता वाट लागली. आता खरं बोललीस तर माऊली खोटी पडेल."

आहे की नाही? खरं बोलले, तेही खोट्यातच जमा! आणि गुडघा तर... जाऊ दे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली बस धरून वांद्र्याला गेले, मेबलबाईंच्या नावाने मेणाचे दोन पाय घेतले, आणि दुकानातल्या मावशींना हळूच विचारलं, "जीभ आहे का हो, मेणाची?" त्या म्हणाल्या, "जीभ येत नाही. अख्खी बाई आहे."

मी अख्खी बाई घेतली.