मुलाखतीतला हार

सारजाबाई : नर्सची नोकरी मागायला गेलतीस का कीर्तनाला?

दिपाली : आजी, डॉक्टर म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा." चार माणसांसमोर तोंड उघडायचं तर आधी नमन. आबांनी लहानपणापासून दुसरं काय शिकवलंय मला?

शांतवन : बरोबर हाय. नमनाबिगर बोलणं म्हंजी चप्पल घालून वेदीवर चढणं. कोणत्या चालीत म्हणलीस, बाळ?

दिपाली : तुमच्याच. मग धृपद दिलं, "मी दिपाली नेकनूरची, सेवेकरीण रोग्यांची." टेबलापलीकडं तिघं होते. दुसऱ्या खेपेला मोठ्या मॅडमनी धरलं. पुढं बाहेर बाकावर बसलेल्या पोरींनी.

सारजाबाई : अगं माय! ज्यांच्याशी चढाओढ, त्यांनीच?

दिपाली : टाळ्यांसकट.

शांतवन : वा रे माझ्या प्रभू!

सारजाबाई : तुमी गप बसा, बुवा. पोरीला दवाखान्यात जागा मिळू दे म्हणून पहाटं उठून माझे गुडघे झिजले. आन् पलीकडच्या खोलीत ह्यांची प्रार्थना काय, तर "नोकरी हुकू दे, माझ्यामागं हिला कीर्तनाला उभी कर!" देवानं ऐकायचं कुणाचं?

शांतवन : दोघांचं ऐकलेलं दिसतंय.

सारजाबाई : पुढं काय झालं गं?

दिपाली : पूर्वरंग संपला. मी मान खाली घालून उभी राहिले.

सारजाबाई : लाज वाटली?

दिपाली : नाही, हारासाठी.

शांतवन : मग! पूर्वरंग झाला की बुवाच्या गळ्यात हार पडायलाच पायजे. त्याबिगर आख्यान लागत न्हाई.

दिपाली : त्यांना काय ठाऊक! मी वाकलेली, ते बघतायत. लई वेळ. शेवटी डॉक्टर उठले, इकडंतिकडं बघितलं, आणि स्वतःच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या गळ्यात घातला.

सारजाबाई : छाती तपासायची नळी?

दिपाली : तीच. मग मी बायबलातल्या चांगल्या शोमरोन्याचं, वाटेवरच्या जखमी परक्याला उचलणाऱ्याचं, आख्यान लावलं. जखमांवर तेल ओतायच्या जागेला तर दारातले शिपाई, सोमनाथभाऊ, हुंदके द्यायला लागले. प्रार्थना झाली, सगळे 'आमेन' म्हणाले, आणि मी नेकनूरची बस गाठली.

सारजाबाई : आन् नोकरीचं काय?

दिपाली : ते विचारायचंच राहिलं.

सारजाबाई : हे देवा! आन् नळी?

दिपाली : ही काय. कंडक्टर "डॉक्टरबाई, सरका पुढं" म्हणाला, तेव्हा कळलं गळ्यातच आहे.

सारजाबाई : येशूच्या घरात चोरीचा माल! उद्या पहिल्या गाडीनं नेऊन दे. पाय धर, माफी माग, आन् नोकरीचं इचार.

शांतवन : बुवाच्या गळ्यातला हार कुणी माघारी देतंय व्हय?

सारजाबाई : हार वाळतो. ही नळी वाळणार हाय का?

शांतवन : बरं, दे माघारी. पण त्याआधी एकदा माझ्या छातीवर ठेव. नातीच्या पहिल्या कीर्तनाचा हार हाय. आतून प्रभूचं नाव ऐकू येईल बघ.

दिपाली : गुंडी काढा. बोलू नका.

शांतवन : आलं का?

दिपाली : गप्प राहा ना, आबा.

(दिपाली डोळे मिटून मांडीवर बोटांनी ताल धरते. थांबते. पुन्हा पहिल्यापासून धरते.)

सारजाबाई : काय गं? तोंड कावून उतरलं तुझं?

दिपाली : आबा, येशूच्या देवळाच्या पायऱ्या चढताना दम लागतो तुम्हाला?

शांतवन : जरासा. वय झालं. कावून?

दिपाली : मधेच मात्रा सुटतेय.

शांतवन : माझी? उभ्या जन्मात ताल चुकला न्हाई माझा! पुन्हा ऐक.

दिपाली : तीनदा ऐकलं. तुम्हीच तयार केलेला कान आहे, आबा.

सारजाबाई : देवा, सांभाळ रे.

दिपाली : आजी, घाबरू नकोस. उद्या पहिल्या गाडीनं तिघंही जाऊ.

सारजाबाई : नळी द्यायला?

दिपाली : आबांना दाखवायला. नोकरीचं मग बघू.

शांतवन : मग कशाला? आत गेल्या गेल्या मीच इचारतो, हिला ठेवून घेता का म्हणून.

सारजाबाई : तुमी? नमन करून?

शांतवन : न्हाई, सारजा. साधंच इचारतो.