एच म्हणजे हिंगणघाट

...अन् दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न हाच. का भैयाजी, एका टेबलावर दोन-दोन फोन काऊन? जसा काही मी सट्टा लावून राह्यलो. अहो, पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे माझं, फूटव्हॉल्व्ह, बुश, कपलिंग, यात कुठला सट्टा... बसा तुमी, चहा सांगतो, अन् दोन फोनची गोष्टही सांगतो. कारण तुमाले सांगतो, या बाजारात कोणाच्या दुकानात नव्हतं ते या टेबलावर चाललं, या हातानं चाललं, अन् चालता चालता त्याले कोणी बंद पाडलं असन? चोरानं नाई, पावसानं नाई. दोन शब्दांनी. पोहोचलं का?

आता हे दोन शब्द आमच्या घराचे. आमचं एक दुकान वर्धेले, खाली दुकान अन् वर घर, अन् दुसरं हिंगणघाटले, तिथं माझा लहान भाऊ भूपेंद्र अन् त्याची बायको अंजू. इकडून तिकडं माल जाते एसटीनं. कंडक्टरच्या हाती पुडकं दिलं की मी खालून ओरडतो, "माय, पाठवलं वं." की आमची माय, शोभाबाई, वरच्या खोलीतला फोन उचलते अन् हिंगणघाटले लावते. पोहोचलं का? अहो, गाडी अजून स्टँडावरून हललीच नाई. पण ते खातं तिचं. पंधरा वर्षांपासून तिचंच. लग्न होऊन पोरगी सासरी गेली, पोहोचलं का. लोणच्याची बरणी गेली, पोहोचलं का. अन् तिकडं अंजूलेही तिनं तसंच तयार केलं, पुडकं यायच्या आधीच ती फोन करून सांगते, नाई आई, अजून नाई पोहोचलं.

असो. तर दोन हजार सालची गोष्ट. एक दिवस वडनेरचे नत्थूजी दुकानात आले. घामानं ओले. वडनेरवरून हिंगणघाटले गेलते कपलिंग घ्याले. भूपेंद्र म्हणे, माझ्याजवळ संपलं, वर्धेले आहे, जा. बिचारे एसटी धरून इथं आले. अन् मी ते कपलिंग सकाळीच सेवाग्रामच्या माणसाले विकून टाकलं. नत्थूजी चिडले नाई. स्टुलावर बसले, पाणी प्याले, टोपीनं वारा घेतला अन् एकदम शांतपणे म्हणाले, "काहो भैयाजी, तुमी दोघं सख्खे भाऊ होय ना? बोलता का एकमेकांसंगं?"

गल्ल्यावर आमचे बाबूजी बसलते, प्रभाकरराव. त्यांचं तोंड असं झालं जसं कोणी भर बाजारात धोतर ओढलं. नत्थूजी गेले, अन् बाबूजी म्हणाले, "दिवाळीच्या पूजेच्या आत तिथला माल इथं दिसला पायजे अन् इथला तिथं. नाई तर हिंगणघाटचं शटर पाडतो. भूपेंद्र इथं येऊन माझ्या बाजूले बसन."

भूपेंद्रनं ते दुकान पायावर उभं केलं, अंजूनं तिथं शिवणाचा क्लास काढला, तीस पोरी येतात. अंजूचा फोन आला, एकदम हळू आवाजात, "भाऊजी, काहीही करा. मी सासूबाईंची लाडकीच आहे, पण लांबूनच आहे."

आता मी शिकलेला किती? मॅट्रिक, तेही बाबूजींच्या भाषेत अर्धं. पण दोन्ही दुकानांत हिशेबाले कम्प्युटर होता, अन् तो मी स्वतः शिकलो. कसा? एफ-वन दाबून. लोकं क्लासले पैसे भरतात, अन् त्या डब्यातच मास्तर बसून आहे, एफ-वन दाबलं की बोलते, रागावत नाई, फी घेत नाई. पंपाची इंग्रजी पुस्तकं वाचून मोटर खोलली मी, त्यापुढं हे काय? तरी पिपरी मेघेचा धीरज आहे ना, कम्प्युटर क्लासवाला, त्याले विचारलं. पोरगा हुशार. म्हणे, "भैयाजी, इंटरनेटच्या भानगडीत पडू नका. तुमच्या कम्प्युटरचा मोडेम टेलिफोनच्या तारेतून त्यांच्या मोडेमले सरळ फोन लावन. लागला की भूपेंद्रभाऊंचं फोल्डर तुमच्याकडं ड्राइव्ह म्हणून दिसन. त्याले मॅप करणं म्हणतात." एवढं सांगून तो गेला. बाकीचं मी केलं, लिहून घ्या.

बाबूजी म्हणे, "मॅप म्हणजे नकाशा ना? नकाशा पाहून काय करतो?" मी म्हटलं, बाबूजी, समजा आपलं गोदाम हिंगणघाटले आहे. पण त्याचा दरवाजा मी आपल्या दुकानाच्या भिंतीत बसवून राह्यलो. दरवाजा इथं उघडायचा, माल तिथला दिसन.
"कुलूप?"
"आहे ना. पासवर्ड."
"चाबी कोणाजवळ?"
"मी अन् भूपेंद्र."
"अन् मी काय चौकीदार होय?"
झालं. पासवर्ड बदलून बाबूजींच्या आईचं नाव ठेवलं, तेव्हा ते सरळ बसले.

मंग अक्षराचा प्रश्न. कम्प्युटर म्हणे, ड्राइव्हले झेड नाव देतो. अरे, धंद्यात कोणी शेवटच्या नंबरावरून सुरुवात करते का? मी एच दिला. एच म्हणजे हिंगणघाट. अन् हिशेबाची एक गोष्ट मी अशी बांधली की धीरजही म्हणाला वा. फाइली दोन. माझ्या मालाची माझी, त्याच्या मालाची त्याची. माझ्या फाइलीले तो हात लावत नाई, त्याची मी फक्त पाह्यतो. संध्याकाळी लाइन जोडायची, बटण दाबायचं, नवीन फाइल जुन्यावर बसते, इकडं अन् तिकडं. दोन भावांचं घर असंच चालते, एकाच ताटात दोघांनी हात घातला की भांडण.

सगळं तयार. दिवाळी आठ दिवसांवर. भूपेंद्र तिकडं कम्प्युटर लावून बसला, मी इकडून नंबर लावला. मोडेम कोंबड्यासारखा आरवला, मंग खर्रर्र, मंग लाइन जुळली. अन् स्क्रीनवर एच! तुमाले सांगतो, माझ्या अंगावर काटा. मी बटण दाबलं, फाइल निघाली, अन् मी आनंदानं ओरडलो, "पाठवलं!"

अन् लाइन तुटली.

परत लावली. निघाली. "पाठवलं!" तुटली. दुसऱ्या दिवशी वायर बदलली. तुटली. मोडेम पुसला, टेबल सरकवलं, देव्हाऱ्यातला अंगारा लावला. तुटली. लाइनमन कवडू आला, खांबावर चढला, उतरला, म्हणे, "लाइन तर सोन्यासारखी आहे भैयाजी, तुमच्या घरातच काही आहे." घरात काय असन? बाबूजी रोज येऊन उभे राहत अन् म्हणत, "दरवाजा बसवला, पण बिजागरी नाई वाटते." तिकडं अंजूनं तर क्लासच्या पोरींले सांगूनही टाकलं, दिवाळीनंतरचं काही नक्की नाई म्हणून.

मंग एकदा फाइल सुटली अन् मी चहा मागाले वर गेलो. पाह्यतो तर काय... आमची माय पाटावर बसून, कानाले रिसीव्हर, अन् त्या खर्रर्रले मोठ्या प्रेमानं विचारून राह्यली, "हॅलो... अंजू... पोहोचलं का?" मले पाहून म्हणे, "बापू, चार दिवस झाले, या फोनात कोंबडं शिरलं आहे."

समजलं का तुमाले? लाइन एक, फोन दोन, खाली एक अन् वर एक. मी "पाठवलं" ओरडतो, माय फोन उचलते, लाइन तुटते. अन् तिकडं? तिकडंही एका लाइनीवर दोन फोन, अन् अंजू घरातून उचलून राह्यली, "नाई पोहोचलं" सांगाले! दोन्ही टोकांले पहारा, फाइल बिचारी जाईन कशी?

वरचा फोन काढून कपाटात ठेवला, भूपेंद्रलेही तिकडचा घरातला काढाले लावला. माय म्हणे, "म्हणजे आता माझ्या पोराले माल जाईन अन् मी विचारूही नाई?"

पूजेच्या दिवशी कम्प्युटरले हार घातला, बाबूजींले समोर बसवलं. नत्थूजीही नेमके आले, सेवाग्रामच्या दवाखान्यात कोणाले पाहाले आलते. कोंबडं आरवलं, एच उघडला, हिंगणघाटचा माल वर्धेच्या भिंतीत दिसाले लागला. "नत्थूजी, कपलिंग हिंगणघाटले आहे, दोन नग, जाता जाता उतरून घ्या." नत्थूजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, म्हणाले, "म्हणजे बोलाले लागले भाऊ."

बाबूजी टेबलाजवळ सरकले. डोळे भरून आलते त्यांचे. माझी फाइल तिकडं निघालीच होती, अर्ध्यात होती, अन् त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. मी हात पुढं करेपर्यंत उशीर. "हॅलो, भूपेंद्र... दुकान चालू ठेव रे बाबा. अन् ते... पोहोचलं का?"

म्हणून दुसरी लाइन घेतली. शटर पडलं नाई, अंजूच्या क्लासमधे चाळीस पोरी झाल्या. मायचा फोन कपाटातून परत वर गेला, एका लाइनीवर माल जाते, दुसरीवर माय. ती लाइन दिवसभर बिझी. भूपेंद्रले मले काही सांगायचं असलं तर त्याले फोन लागत नाई, तो एच ड्राइव्हमधेच चिठ्ठी टाकून ठेवते. कालच उघडली. लिहिलं होतं, "भाऊ, मायले सांग, थोडा वेळ फोन ठेव." अन् त्याखाली, "पोहोचलं का?"