फ्यूज माझ्या खिशात आहे

अहो अंकुशराव, कुठं निघालात? बसा खाली. त्या बोर्डाला हात लावायचा नाही. वायरमन वर माळ्यावर आहे. तो फ्यूज उचला आणि इकडे द्या, माझ्या खिशात राहू दे. हां. आता अंधार तर अंधार. तुम्हाला भीती वाटते? मला तुमच्याहून जास्त वाटते. इतकी वर्षं पुस्तकं वाचली, शिकवली, पण अंधारात मन शहाणं राहत नाही. तरी बसायचं. का बसायचं ते सांगतो, ऐका.

हे वडजाई गावात घडलं. मी पाहिलेलं नाही. मालननं सांगितलं तसं सांगतो. खरं का खोटं ते मलाही ठरवता आलेलं नाही.

मालन म्हणजे शिवराम वायरमनची मुलगी. बापामागं ती आयटीआयला गेली, वायरमन होऊन परत आली. खाकी शर्ट, कमरेला बापाची पक्कड. पण गावात कुणी काम देईना. पंखा बिघडला तर लोक तालुक्याहून माणूस बोलवायचे. तो आज येतो, उद्या येतो म्हणायचा आणि यायचा नाही. लोक घामाघूम बसायचे, पण मालनला बोलवायचे नाहीत.

एका संध्याकाळी उद्धव सर गेनूच्या हॉटेलात धावत आले. सर गावात नवे. माळावरचं गुलाबतात्याचं घर त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. रिकामं का होतं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"वायरमन पाहिजे. आत्ता. वर वायरिंगच्या लाकडी पट्टीतून जळका वास येतोय, भिंतीला हात लावला की झटका बसतो. घरात तीन महिन्यांचं बाळ आहे हो!"

गेनूनं कपबशी पुसता पुसता सांगितलं, "गावात आहे एक. पण बाई आहे."

"काम येतं ना?"

"येतं. पण बाईमाणूस शिडीवर..."

"घर दाखवा तिचं."

गेनू स्वतः घेऊन आला. आणि दारात उभा राहून मालनला म्हणाला, "जाणार का? तात्याच्या घरचं काम आहे. नाही म्हणालीस तरी कुणी हसणार नाही."

म्हणजे हसणारच होते. पण आधी ते घर काय होतं, ते ऐका.

गुलाबतात्या हा माणूस उतावळा. लेकीच्या साखरपुड्याची पंगत बसलेली आणि मधल्या खोलीतले दिवे गेले. शिवरामला बोलावलं. शिवरामनं फ्यूज काढला, खाली बोर्डावर ठेवला आणि शिडीवर चढला. खिशात घातला नाही. बोर्डावर ठेवला! तात्याला दम निघेना. "किती वेळ? पाहुणे अंधारात जेवतायत!" म्हणाला आणि फ्यूज उचलून खाचेत बसवला. दिवे लागले. पंगतीत टाळ्यासुद्धा वाजल्या. आणि शिवराम शिडीवरून खाली आला, तो पुन्हा उठला नाही.

तेव्हापासून तात्याला अंधार सोसेना. भरदुपारी सगळे दिवे चालू. वर्षभरानं एका रात्री गावाची लाईट गेली. सकाळी तात्या मेलेला सापडला तो बोर्डाखाली, दोन्ही हात वर. पुढं त्या घरात कुणी फ्यूज काढून खाली ठेवला की तो आपोआप खाचेत जायचा. दोन वायरमन शिडीवरून फेकले गेले. तिसऱ्याची बोटं गेली. चौथा आलाच नाही.

तर अशा घरी जायचं होतं. आई दारात आडवी आली.

"त्या घरी नाही जायचं, मालन."

"आई, तिथं तान्हं बाळ आहे."

आईनं पुढं होऊन मालनच्या शर्टाचा आतला खिसा चाचपला. तो खिसा आईनंच शिवला होता, फक्त फ्यूजसाठी.

"बटण लावशील?"

"लावीन."

"लावल्यावर हात लावून बघशील?"

"बघीन. सरक आता."

निघाले. पुढं मालन, खांद्यावर बांबूची शिडी. मागं सर. करंजाच्या झाडांमधून वाट, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही असा काळोख. आणि झाडं संपली तशी माळावर घर दिसलं. लखलखीत! सगळ्या खिडक्या पेटलेल्या, लग्नघरासारख्या.

सर जागच्या जागी थांबले. "ताई, मी निघालो तेव्हा एकेक बटण बंद करून निघालो होतो."

अंगणात सरांची बायको नलिनी बाळाला उराशी धरून बसली होती. म्हणाली, "मी आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. एकेक दिवा आपोआप लागत गेला."

मालन म्हणाली, "तुम्ही तिघं वरच्या वाडीत जा. मी बोलवल्याशिवाय यायचं नाही. आणि माझ्या आवाजात कुणी बोलवलं तरी यायचं नाही. काम झालं की मी स्वतः चालत येईन."

ते गेले. मालन एकटी आत शिरली.

आता तुम्ही म्हणाल, फ्यूज काढायचा आणि सकाळी यायचं. बरोबर. तीही तेच करणार होती. पण आढ्याजवळच्या लाकडी पट्टीत निखारा धरला होता. चाळीस वर्षांची वायर, वरचं कापड कुजलेलं. तसंच धुमसत राहिलं असतं तर सकाळी घर उरलं नसतं. जळका तुकडा आत्ताच काढायला हवा होता. आणि तो तुकडा नेमका मधल्या खोलीत, बाप जिथं चढला होता तिथंच!

तिनं मेनचे दोन्ही फ्यूज काढले. खिशात घातले. बटण लावलं. हात लावून बघितलं.

घर अंधारलं. आणि कोपऱ्यातून कुणीतरी रडवेला सुस्कारा टाकला.

मालन टॉर्च घेऊन शिडी चढली. दोन पायऱ्या झाल्या, तोच खालून बाळ रडलं. पाठोपाठ नलिनीचा आवाज.

"ताई, बाळ भ्यालंय. लावा ना लाईट. एवढी एकदा लावा."

मालननं खाली पाहिलंसुद्धा नाही. "नलिनीताई वाडीत आहेत. तू कोण आहेस ते मला माहीत आहे. रड किती रडायचं ते."

रडणं कचकन थांबलं.

मग टॉर्च गेला. नवे सेल होते हो! पिवळा झाला, लाल झाला, गेला. आणि काळोखात तिच्या छातीशी काहीतरी वळवळलं. थंडगार बोटं. खिशाचं बटण ओढत होती. एक टाका तुटला. दुसरा तुटला. तिसरा तुटेना. बोटं ओढतायत, ओढतायत, पण तुटेना. आईनं तो टाका दोऱ्याचा घातला नव्हता, तांब्याच्या तारेचा घातला होता!

"माझ्या आईची शिवण आहे, तात्या," मालन म्हणाली. "आणि टॉर्च विझवलास ते बरं केलंस. मला हातानं काम येतं. अंधार तुला सोसत नाही, मला सोसतो."

बोटं गेली. ती वर चढली. चाचपत चाचपत पट्टीपर्यंत पोचली. पट्टीच्या फटीतून निखारा लुकलुकत होता. तिनं पट्टीचे खिळे उपटले, दोन्ही वायरी मोकळ्या केल्या. आणि तेव्हा शिडीखालून हाक आली.

"माले..."

माले अशी हाक फक्त बाप मारायचा.

"माले, मी उतरलोय गं खाली. लाव आता फ्यूज. पंगत खोळंबलीय. मला घरी यायचंय."

आता सांगा, काय झालं असेल त्या पोरीचं? अकरा वर्षांत तो आवाज तिनं ऐकला नव्हता. डोळ्यांतून धारा लागल्या. हात खिशाकडे गेला. खरंच गेला, तिनं मला सांगितलं.

पण बटणावर बोट टेकलं आणि ती थबकली.

"माझा बाप फ्यूज खाली ठेवून मेला," ती ओरडली. "तो आता कुणाकडे फ्यूज मागायचा नाही. देऊ नकोस म्हणेल तो! त्याच्या आवाजात बोलायची तुझी लायकी नाही, तात्या!"

खाली काहीतरी दाणकन आपटलं. मग शांत. अगदी शांत.

मालननं वायर कापायला पक्कड काढली. पण आधी तिनं टेस्टिंगचा बल्ब लावला. फ्यूज खिशात असला तरी तपासायचं, हा तिचा नेम. होल्डरला दोन वायरी, त्या पट्टीतल्या दोन उघड्या वायरींना टेकवल्या.

बल्ब लागला.

फ्यूज खिशात, आणि बल्ब लागला! आधी लालसर, मग पिवळा, मग फटफटीत. मागोमाग घरातले सगळे दिवे लागले. मालननं खाली पाहिलं.

बोर्डापाशी तात्या उभा होता. फ्यूजच्या खाचांत दोन्ही हातांची बोटं खुपसून. स्वतःच फ्यूज होऊन! लहान मुलासारखा हसत होता.

"लागले! लागले! बघ, पाहुणे जेवायला लागले! उतर आता, उतर!"

आणि शिडी हलायला लागली. उघड्या वायरी तिच्या गालापासून बोटभर. इकडं झुकली तर भाजणार, तिकडं झुकली तर पडणार.

ऐका हं. त्या क्षणी ती काय म्हणाली, ते नीट ऐका.

"तात्या, फ्यूज कशासाठी असतो, माहीत आहे? दिवे लावायला नसतो तो. काही वाईट झालं तर घर वाचावं म्हणून आधी जळायला असतो. तुला फ्यूज व्हायचंय? मग जळ!"

रबरी मुठीची बापाची पक्कड तिनं उघडली, दोन्ही वायरी एकदमच तिच्या जबड्यात धरल्या आणि सगळा जोर लावून दाबली.

धाड!

निळा लोळ उठला. खालून एक किंकाळी फुटली. शिडी सरकली, मालन जमिनीवर आदळली, धुमसती पट्टी तिच्या शेजारी. सगळा काळोख. गावातही काळोख, त्याच घटकेला गेनूच्या हॉटेलातला रेडिओ बंद पडला, असं गेनू अजून सांगतो.

मालननं ती पट्टी फरपटत अंगणात आणली, मातीत दाबली. मग लंगडत, एकटी, अंधारातून वाडीत गेली. सर जिथं थांबले होते त्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी आले." खिसा चाचपला. दोन्ही फ्यूज तिथंच होते, थंडगार.

सकाळी लोकांनी पाहिलं. खाचांच्या दोन्ही बाजूंना काजळीनं उमटलेली दहा बोटं. पकडीच्या जबड्याला वाटाण्याएवढा खळगा. मालननं आठ दिवस, भर उजेडात, घराची सगळी वायर बदलली. अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलं. नलिनीला सांगितलं, "उन्हाळ्यात इथं रोज तांब्याभर पाणी घालायचं." सर बदली होईपर्यंत सुखानं राहिले. आणि नवव्या दिवशी तिच्या दारात पहिला कोण आला असेल? गेनू.

"हॉटेलातला पंखा बघतेस का?"

"बाईमाणूस शिडीवर चढलेलं चालेल का, गेनूदादा?"

"आता चिडवू नकोस. चल."

झालं. पण इतक्यावर निर्धास्त होऊ नका. फ्यूज जळला म्हणून संपत नाही. कुणी नवी तार बांधली की तो पुन्हा कामाला लागतो. ते घर आता रिकामं आहे, मीटर केव्हाच काढून नेलाय. तरी लोक म्हणतात, गावाची लाईट गेली की माळावर एक खिडकी उजळते. म्हणून सांगतो, रात्री करंजाच्या वाटेला जायचं नाही. उजेड दिसला म्हणून तर मुळीच नाही. आणि चुकून गेलात, मागून कुणी "जरा लाव ना" म्हणालं, तर वळून बघायचं नाही. "फ्यूज माझ्या खिशात आहे" म्हणायचं आणि चालत राहायचं.

श्श! माळ्यावरून कोण हाक मारतंय? "झालं, लावा" म्हणतोय?

बसा अंकुशराव. आवाज त्याचाच आहे, कबूल. मलाही तसंच वाटतं. पण बसा. त्याला शिडी उतरू द्या, दारात येऊ द्या, त्याचं तोंड दिसू द्या. तोवर मी हा फ्यूज कुणालाही देणार नाही.