डावा पाय

रामदास : हँडब्रेक घट्ट ओढा, कुंडलिकबाबा. तिसरा गिअर टाका, रेस द्या अन् क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला पाहिजे.

कुंडलिक : सोडला बघ.

रामदास : नुसतं ओरडतंय, बंद काय पडत नाही. क्लच प्लेट घसरतीय. करपल्याचा वास येतोय ना, साळूमावशी?

साळुबाई : कालपास्नं येतोय. आहुप्याच्या चढाला मानसं खाली उतरली, अन् जीपसंगं चालत वर आली. लगीनघरची वरात जशी.

कुंडलिक : दिवाळीला तूच नवी टाकलीस. मालच बोगस तुझा!

रामदास : त्याच मालावर अख्ख्या घोडेगावच्या गाड्या पळतात, बाबा. थांबा, खाली शिरून बघतो.

(रामदास जीपखाली जातो आणि हात पुसत बाहेर येतो.)

रामदास : तेल कुठं गळत नाही. पेडलचा ढीलही बरोबर आहे. मग राहिलं एकच. चालवताना तुमचा पाय क्लचवर असतो.

कुंडलिक : ए! तुझ्या जन्माआधीपास्नं ह्या रस्त्याला शिटा भरतोय मी. क्लचवर पाय शिकाऊ पोरं ठेवत्यात.

साळुबाई : खरंय रे रामदास. रस्ता कच्चा व्हता तवा चाकाखाली कुठला दगड आला ते यांच्या तळव्याला कळायचं. मी म्होरं बसायची, आमची हर्षाली मांडीवर, तान्ही. डिंभ्यापतुर पोरीची झोप मोडायची न्हाई.

रामदास : बरं. आता पाय काढा बघू पेडलवरून.

कुंडलिक : काढलाय.

रामदास : काढा ना, बाबा.

कुंडलिक : काढलाय म्हनतो न्हवं! किती येळा सांगू?

साळुबाई : अवो… खाली बघा.

(कुंडलिक खाली बघतो. डावा पाय क्लचवरच आहे.)

रामदास : साखर आहे का बाबांना?

साळुबाई : हाय. गोळ्या कधी खात्यात, कधी उशाखाली. …भाताच्या आवणीच्या दिसांत यांच्या टाचंत काटा मोडला व्हता. मी सुईनं उकरून काढला. हूं न्हाई की चूं न्हाई. मला वाटलं, केवढा धीराचा मानूस माझा.

कुंडलिक : तू नवी प्लेट टाक, रामदास. पायाचं मी बघतो.

रामदास : टाकतो की. पण तीही जळणार. अन् क्लच जळला तर गाडी नुसती थांबते, बाबा. उद्या ब्रेकचा पाय असा झाला तर? उतार आहे तो आहुप्याचा.

कुंडलिक : वर गावात दुसरी गाडी हाय का? सरूबाईच्या सुनंचे दिवस भरत आलेत. तिला खाली कोन आननार? तू?

रामदास : दुसरा कुणी चालवणारा?

साळुबाई : पोरं समदी चाकणला, कंपनीत. सनाला येत्यात अन् मोबाइलवर फोटो काढून जात्यात.

कुंडलिक : साळे…

साळुबाई : काय वो?

कुंडलिक : मला खाली बघायचं धाडस व्हत न्हाई. तूच बघ. उजव्या पायात चप्पल हाय का गं माझ्या?

साळुबाई : हाय की.

रामदास : मावशी, ती तर मघाशीच निसटली, तिकडं गॅरेजच्या दारात…

साळुबाई : तू गप रे. …किल्ली द्या, अवो. अन् माझा हात धरून उतरा. हितं जमीन वरखाली हाय.