अवजाराची सुट्टी

आमच्या सासूबाईंपुढं मशीनचंबी काय चालत न्हाय बघा. खंडेनवमीला म्या विळा-खुरप्यासंगं पोरीचा कॉम्प्युटरबी पुसला, हळद-कुंकू वाहिलं. थोड्या वेळानं पोरगी बसली, तर तो सुरूच होईना. अकराला तिची नोकरीची मुलाखत त्याच्यावरच होती.

"आई, पाणी घातलंस तू."

"कोरडं फडकं मारलंय. बिल माझ्यावर फाडू नको," म्या म्हणलं. वायरी उपसून परत खोचल्या. तरी ढिम्म.

सासूबाई शेंगा फोडत म्हणाल्या, "मागलं बटन म्या बंद केलंय. पूजा झाल्यावर अवजार राबवत्यात व्हय?"

"अवो, तिची मुलाखत हाय. साहेबाशी बोलायचंय."

"नुसतं बोलायचंय? मग करा की चालू. बोलणं काय काम हाय?"