पोस्टरवरचा शिपाई

बायको : अहो, माप नंतर घ्या. आधी त्यांना सांगा. उद्या सगळं गाव बघणार आहे.

शिंपी : सांगतो गं. तोंडातल्या टाचण्या तरी काढू दे.

गवंडी : काय रे, काय लपवतोयस? पँटचं कापड कमी पडलं का?

शिंपी : कापड भरपूर आहे. तू डावा पाय सरळ ठेव.

गवंडी : तो माझं ऐकतो होय! लढाईवरून आल्यापासून दीड इंच आखूडच आहे. तुला माप पाठ आहे, उगाच टेप कशाला लावतोस?

बायको : भावजी, उद्यापासून संग्रहालयात लढाईच्या वेळची पोस्टरं मांडणार आहेत. त्यातलं एक...

शिंपी : मी सांगतो म्हटलं ना! तुला आठवतंय, चौकात एक पोस्टर होतं? खांद्यावर बंदूक घेतलेला शिपाई, आणि खाली, 'मी निघालो. तू कधी निघणार?'

गवंडी : न आठवायला काय झालं! ते लागलं त्याच महिन्यात मी भरती झालो.

शिंपी : तेच तर. तो शिपाई मी होतो.

गवंडी : बरं.

शिंपी : बरं काय? अरे, मी! डोळ्यांपायी ज्याला भरतीवाल्यांनी तीनदा घरी पाठवलं, तो मी! तेव्हा मी लष्कराचे गणवेश शिवायचो ना, तिथे एक चित्रकार आला. खरे शिपाई सगळे आघाडीवर. मला म्हणाला, तुझी छाती बरी आहे, चढव तो कोट. कोट दोन मापं मोठा. पाठीमागून टाचण्या लावून मला उभा केला. चष्मा काढायला लावला. मिशी मात्र त्यानं आपल्या मनानं चिकटवली.

बायको : आणि आता संग्रहालयाच्या बाईंनी खाली लिहिलंय, 'दूरवर रोखलेली निर्भय नजर.' यांना चष्म्यावाचून समोरचा चित्रकार दिसत नव्हता, दूरचं काय डोंबल दिसणार!

शिंपी : हसू नकोस. त्या चित्रकाराच्या वहीत माझं नाव सापडलं. तेही खाली छापलंय. पस्तीस वर्षं हे ओठांवर यायचं आणि मी गिळायचो. मी इथे पंख्याखाली काजं करत बसलो, आणि माझं तोंड बघून तू गेलास. पायाचं हे असं करून आलास. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा... आता तुला काय बोलायचं ते बोल. पुन्हा या दुकानाची पायरी चढला नाहीस, तरी माझं काही म्हणणं नाही.

(गवंडी स्टूल ओढून बसतो.)

गवंडी : झालं तुझं बोलून? आता ऐक. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

शिंपी : काय?

गवंडी : ओठ बघितले ना. टाचण्या धरल्यासारखे घट्ट मिटलेले. मिशी लावून ते थोडेच लपतात!

बायको : आणि इतकी वर्षं गप्प राहिलात?

गवंडी : वहिनी, मला वाटलं, यालाच वाईट वाटत असेल, कशाला खपली काढा. आणि तू रे, एवढा भाव खाऊ नकोस. तुझ्यामुळे नाही गेलो मी. थोरल्या भावाशी आंघोळीच्या पाण्यावरून भांडलो, तसाच ओल्या डोक्यानं गेलो आणि सही ठोकली. तेव्हा पोस्टर कुणाच्या डोक्यात होतं!

शिंपी : मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस.

गवंडी : भाऊ आहे की अजून, विचार जा त्याला. पाणी त्यानंच संपवलं होतं, हेही विचार.

बायको : अहो, डोळे पुसा आधी. कापडावर डाग पडतील.

गवंडी : छावणीत जेवणाच्या तंबूत तुलाच टांगलेलं होतं. नऊशे माणसं, त्यात ओळखीचा चेहरा एक. रोज ताट घेऊन तुझ्यासमोर बसायचो.

शिंपी : बसून काय करायचास?

गवंडी : बोलायचो. पाय मोडला तेव्हा पोटभर शिव्याही घातल्या तुला. उलटून बोलला नाहीस, हे चांगलं केलंस. आई गेल्याचं पत्र आलं, तेही आधी तुलाच सांगितलं.

शिंपी : उद्या चल माझ्याबरोबर. त्याच्यासमोर एकट्यानं उभं राहायचा धीर नाही मला.

गवंडी : तू जरा मागे थांब. आधी मी भेटतो त्याला.